मार्चमधील तीन रविवार: अठराव्या एशियन फिल्म अवॉर्ड्सचे प्रकरण

हाँगकाँगच्या पश्चिम काउलून सांस्कृतिक परिसरात शीछू सेंटर हे मुळात चिनी संगीतनाटकांसाठी बांधलेले रंगमंदिर आहे. १६ मार्च २०२५ रोजी, रविवारी, तेथे अठरावा एशियन फिल्म अवॉर्ड्स सोहळा पार पडला. पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. संध्या सुरी यांच्या ‘संतोष’मधील भूमिकेसाठी शहाना गोस्वामी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा, तर स्वतः सुरी यांना नवोदित दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. २००७ पासून सुरू असलेल्या या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान भारतीय दिग्दर्शकाच्या चित्रपटाला मिळण्याची ही पहिलीच वेळ होती आणि भारतीय अभिनेत्री सर्वोत्कृष्ट ठरण्याचीही.

आपल्याकडे ही बातमी अभिमानाची म्हणून छापली गेली आणि ते योग्यही होते. तिच्यातील अडचणीची बाजू मात्र फारशी चर्चेत आली नाही. या दोन चित्रपटांपैकी पहिला भारताच्या वतीने ऑस्करला पाठवण्याजोगा नाही, असे त्याआधी सहा महिने येथील निवड समितीने ठरवले होते, आणि दुसऱ्याला भारतीय चित्रपटगृहांत दाखवण्याची परवानगी सोहळ्याच्या दिवशीही नव्हती आणि नंतरही मिळाली नाही. स्वतःच्या देशातील यंत्रणांनी बाजूला ठेवलेले दोन चित्रपट एका प्रादेशिक पुरस्कारात अग्रभागी कसे आले, हा या प्रकरणाचा विषय आहे. हाँगकाँगच्या परीक्षकांची अभिरुची आपल्या समितीपेक्षा उंच होती, हे त्याचे सोपे उत्तर आहे आणि ते मला पटत नाही. अभिरुचीचा प्रश्न येण्याआधीच, चित्रपट पाठवण्याचा अधिकार कोणाकडे आहे या प्रश्नाने बरेचसे काम करून टाकलेले असते.

सप्टेंबर २०२४

‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ मे २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धा विभागात दाखवला गेला. शाजी एन. करुण यांच्या १९९४ मधील ‘स्वाहम’नंतर तीस वर्षांनी या विभागात भारतीय चित्रपट पोहोचला होता, आणि त्याने तेथे ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळवला. कथा मुंबईतली आहे. प्रभा आणि अनु या दोन मल्याळी परिचारिका एका खोलीत राहतात. त्यांच्याच रुग्णालयात स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती ही विधवा बिल्डरच्या दबावाखाली आहे, कारण राहते घर आपले असल्याचा एकही कागद तिच्यापाशी नाही. शेवटी ती रत्नागिरीकडील आपल्या गावी परतते. मल्याळम, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषांतून हा चित्रपट बोलतो. कनी कुसृती, दिव्य प्रभा आणि छाया कदम यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत.

निर्मिती मात्र एका देशाची नव्हती. मुख्य निर्मितीसंस्था फ्रान्समधील होती आणि भारत, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग व इटली येथील संस्था तिच्यासोबत होत्या. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात प्रत्येक देशाला एकच प्रवेशिका पाठवता येते आणि ती अमेरिकन अकादमीने मान्य केलेल्या त्या देशातील संस्थेमार्फतच जाते. त्यामुळे या चित्रपटाला दोन मार्ग मोकळे होते: एक भारताचा, दुसरा फ्रान्सचा. फ्रेंच समितीने त्याला शेवटच्या चारांत घेतले, पण १८ सप्टेंबर रोजी ‘एमिलिया पेरेझ’ची निवड केली. त्यानंतर पाच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या तेरा सदस्यांच्या समितीने किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’चे नाव जाहीर केले. समितीचे अध्यक्ष दिग्दर्शक जाहनू बरुआ होते. तेराही सदस्य पुरुष होते, आणि स्त्रियांच्या आयुष्यावरील दोन चित्रपटांतून एक निवडताना ही गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटली नाही.

निवडीइतकीच तिची कारणमीमांसाही गाजली. आपण भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहत आहोत, भारतात घडणारा भारतीय चित्रपट नव्हे, असे समितीला वाटल्याचे फेडरेशनचे अध्यक्ष रवी कोट्टारकरा यांनी सांगितले. हे विधान हसण्यावारी नेले गेले, पण ते गांभीर्याने तपासावे असे मला वाटते. चित्रपटाचा वेग, मौनाचा वापर, कथानकाची सैल वीण, रात्रीच्या शहराकडे जवळपास माहितीपटासारखे पाहणारा कॅमेरा, या सगळ्याचा युरोपीय महोत्सवांत रुळलेल्या शैलीशी संबंध आहेच, आणि त्याचा पैसाही मोठ्या प्रमाणात तिकडूनच आला होता. समितीला शैलीबद्दल जे वाटले ते निराधार नव्हते. तिची चूक पुढच्या पायरीवर झाली. शैलीबद्दलच्या निरीक्षणाचे तिने राष्ट्रीयत्वाच्या निकालात रूपांतर केले, आणि तसे करण्याचा अधिकार तिला कोणत्या निकषाने मिळाला हे कोणीच स्पष्ट केले नाही.

सरकारचे म्हणणे तर याच्या नेमके उलट नोंदलेले होते. भारत आणि फ्रान्स यांच्यातील दृक्‌श्राव्य सहनिर्मिती करारानुसार या चित्रपटाला माहिती व प्रसारण मंत्रालयाने अधिकृत सहनिर्मितीचा दर्जा दिला होता. मुंबई आणि रत्नागिरी येथील चित्रीकरणाची परवानगीही मंत्रालयानेच दिली होती. सहनिर्मितीच्या प्रोत्साहन योजनेखाली पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांसाठी अंतरिम मंजुरीही झालेली होती, आणि कानच्या यशानंतर हे सारे मंत्रालयाने स्वतःहून प्रसिद्ध केले होते. अशा कराराचा मूळ हेतूच हा असतो की चित्रपट दोन्ही देशांत तेथला म्हणून गणला जावा. मे महिन्यात भारताचा म्हणून मिरवलेला चित्रपट सप्टेंबरात युरोपाचा ठरला. फेडरेशन ही चित्रपट उद्योगाची संघटना आहे, सरकारी खाते नव्हे, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या यात विसंगती नाही. व्यवहारात मात्र चित्रपट दोन्ही घरचा पाहुणा आणि उपाशी, अशा अवस्थेत राहिला.

फेडरेशनच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. एकच नाव पाठवायचे असते तेव्हा निवड केवळ गुणवत्तेची राहत नाही. अमेरिकेतील हजारो मतदारांपर्यंत कोणता चित्रपट पोहोचेल, प्रचाराचा खर्च कोण उचलेल, विनोद आणि विषय सहज कळतील का, हे अंदाज त्यात येतातच. ‘लापता लेडीज’ या कसोट्यांवर दुबळा नव्हता आणि चित्रपट म्हणूनही तो नीटस आहे. पण १७ डिसेंबर रोजी पंधरा चित्रपटांची प्राथमिक यादी आली तेव्हा त्यात तो नव्हता. त्याच यादीत ब्रिटनने पाठवलेला एक हिंदी चित्रपट होता आणि तो म्हणजे ‘संतोष’.

ब्रिटनचा हिंदी चित्रपट

संध्या सुरी या भारतीय वंशाच्या ब्रिटिश माहितीपटकार आहेत आणि ‘संतोष’ हा त्यांचा पहिला कथाचित्रपट आहे. पोलीस शिपाई असलेल्या पतीच्या मृत्यूनंतर त्याची विधवा अनुकंपा तत्त्वावर त्याच नोकरीत लागते आणि एका दलित मुलीच्या खुनाच्या तपासात ओढली जाते. तिची वरिष्ठ अधिकारी सुनीता रजवार यांनी साकारली आहे. पोलिसी हिंसा, जातीय तिरस्कार आणि स्त्रीद्वेष यांपैकी कशावरही चित्रपट भाषण देत नाही. नायिका स्वतःच या यंत्रणेचा भाग होत जाते आणि प्रेक्षकाला तिच्याबरोबर उभे राहावे लागते, म्हणून तो अधिक अस्वस्थ करतो.

निर्मिती ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स आणि भारत यांची. ऑस्करच्या नियमांनुसार चित्रपटावरील सर्जनशील नियंत्रण मुख्यतः पाठवणाऱ्या देशाच्या नागरिकांचे वा रहिवाशांचे असावे लागते आणि संवाद प्रामुख्याने इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असावे लागतात. ‘संतोष’ दोन्ही अटींत बसत होता. म्हणून ब्रिटिश अकादमीच्या (बाफ्टा) समितीने उत्तर भारतात चित्रित झालेला, पूर्णपणे भारतीय कलावंतांचा हिंदी चित्रपट ब्रिटनच्या नावाने पाठवला. ‘युरोपीय’ ठरलेल्या चित्रपटाला युरोपने पाठवले नाही आणि ‘ब्रिटिश’ चित्रपटात मात्र एकही ब्रिटिश पात्र नाही. राष्ट्रीय प्रवेशिकेच्या पद्धतीत सहनिर्मितीचे चित्रपट कसे सापडतात, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी जोडी एकाच वर्षी क्वचितच मिळते.

भारतातील प्रदर्शन जानेवारी २०२५ मध्ये व्हायचे होते. चित्रीकरणापूर्वी संहिता संबंधित यंत्रणांकडे सादर होऊन मंजूर झाली होती. तरीही केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने पूर्ण झालेल्या चित्रपटात इतके बदल मागितले की ते केल्यास चित्रपटाला अर्थच उरणार नाही, अशी भूमिका दिग्दर्शिकेने घेतली. हा पेच हाँगकाँगच्या सोहळ्यानंतर दहाएक दिवसांतच सार्वजनिक झाला. पूर्वी अशा वादात चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरणाकडे जाता येत असे आणि तेथे तुलनेने लवकर निर्णय होत असे. एप्रिल २०२१ मध्ये ते न्यायाधिकरण बरखास्त झाले. आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालयात जावे लागते, आणि लहान चित्रपटाच्या वितरकाला तो वेळ व खर्च सहसा झेपत नाही.

दोन, नऊ आणि सोळा

मार्च २०२५ मधील सलग तीन रविवार शेजारी ठेवले तर प्रकरण उलगडते.

२ मार्चला लॉस एंजेलिसमध्ये ऑस्कर सोहळा झाला. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या अंतिम पाचांत ‘लापता लेडीज’ नव्हता आणि ‘संतोष’ही नव्हता. फ्रान्सने निवडलेल्या ‘एमिलिया पेरेझ’ला एकूण १३ नामांकने होती, पण या विभागातील पुरस्कार ब्राझीलच्या ‘आय एम स्टिल हिअर’ने नेला. ९ मार्चला जयपूरमध्ये आयफा पुरस्कारांत ‘लापता लेडीज’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह दहा पुरस्कार मिळाले. आयफाची ही रात्र मुख्य प्रवाहातील हिंदी चित्रपटसृष्टीची असते, त्यामुळे मल्याळम-मराठी-हिंदी असा मिश्र चित्रपट तेथे विचारात येण्याचा संभवच नव्हता. आणि १६ मार्चला हाँगकाँग. जाता जाता एक नोंद: ‘लापता लेडीज’मधील स्टेशनवरची मंजू माई आणि ‘ऑल वी इमॅजिन’मधील पार्वती या दोन्ही भूमिका छाया कदम यांच्याच आहेत. दोन चित्रपटांत राष्ट्रीयतेची भिंत उभी करणाऱ्यांना ही अभिनेत्री भिंतीच्या कोणत्या बाजूला उभी करायची, हा प्रश्न पडायला हवा होता.

एशियन फिल्म अवॉर्ड्सची सुरुवात हाँगकाँग आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या संस्थेने २० मार्च २००७ रोजी, एकतिसाव्या महोत्सवाच्या उद्घाटनाच्या रात्री केली. पहिला सर्वोत्कृष्ट चित्रपट बोंग जून-हो यांचा ‘द होस्ट’ होता. २०१३ मध्ये हाँगकाँग, बुसान आणि टोकियो या तीन महोत्सवांनी मिळून एशियन फिल्म अवॉर्ड्स अकादमी स्थापन केली आणि पुरस्कार तिच्याकडे आले. सोहळा पुढे मकाव आणि बुसानलाही फिरून आला. या रचनेत कोणत्याही देशाच्या अधिकृत समितीने ‘हा आमचा’ असे म्हणून चित्रपट पुढे करण्याची अट नाही आणि एका देशाला एकच जागा असेही नाही. सहनिर्मिती येथे अपवाद नसून नेहमीची गोष्ट आहे. २००९ चा विजेता ‘टोकियो सोनाटा’ हा जपान, नेदरलँड्स आणि हाँगकाँग यांचा होता. थायलंडचा ‘अंकल बूनमी’ तर अनेक युरोपीय संस्थांच्या आधाराने उभा राहिला होता. म्हणून ‘ऑल वी इमॅजिन’ कितपत भारतीय आहे, या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळच तेथील परीक्षकांवर आली नाही.

स्पर्धाही नाममात्र नव्हती. कोरियाच्या ‘एक्झुमा’ या भयपटाला सर्वाधिक ११ नामांकने होती आणि यजमान शहराचा लोकप्रिय हाणामारीपट ‘ट्वायलाइट ऑफ द वॉरियर्स: वॉल्ड इन’ही रिंगणात होता. दिग्दर्शनाचा पुरस्कार जपानच्या दाइहाची योशिदा यांना ‘तेकी कमेथ’साठी आणि अभिनेत्याचा हाँगकाँगच्या शॉन लाउ यांना ‘पापा’साठी मिळाला. चित्रपट एकाचा आणि दिग्दर्शन दुसऱ्याचे, अशी विभागणी या पुरस्कारांत वारंवार दिसते. गुणवत्तेची ही जरा विचित्र वाटणारी वाटणी प्रदेशातील सर्वांना धरून ठेवण्याच्या गरजेतूनही येत असावी, असा माझा तर्क आहे.

आधीची उदाहरणे

२०२५ चा निकाल योगायोग म्हणून सोडून देण्याआधी मागे वळून पाहणे आवश्यक आहे. मार्च २०१४ मध्ये मकावला झालेल्या सोहळ्यात वाँग कार-वाय यांच्या ‘द ग्रँडमास्टर’ने बहुतेक पुरस्कार नेले. तरीही ‘द लंचबॉक्स’साठी इरफान खान सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले आणि रितेश बत्रा यांना पटकथेचा पुरस्कार मिळाला. मुंबईच्या डबेवाल्यांच्या चुकलेल्या एका डब्यावर उभा असलेला हा चित्रपटही भारत, फ्रान्स आणि जर्मनी यांची सहनिर्मिती होता. आणि त्यालाही फेडरेशनने वगळून २०१३ मध्ये ‘द गुड रोड’ हा गुजराती चित्रपट ऑस्करला पाठवला होता. २०२३ मध्ये हाँगकाँगला ध्वनी आणि दृश्य परिणाम यांचे पुरस्कार ‘आरआरआर’ने मिळवले. त्या वर्षी भारताची अधिकृत प्रवेशिका ‘छेल्लो शो’ होती.

या शेवटच्या उदाहरणामुळे माझा मुद्दा थोडा अवघड होतो, हे मान्य केले पाहिजे. ‘आरआरआर’ला परदेशी पैसा लागला नव्हता, त्याच्या शैलीला कोणी युरोपीय म्हणणार नाही, आणि तो सामान्य विभागांतून ऑस्करला जाऊन गाण्याचा पुरस्कार घेऊन आला. म्हणजे फेडरेशन केवळ सहनिर्मितीला विरोध करते, असे म्हणता येत नाही. दरवर्षी शेकडो चित्रपट, वीसहून अधिक भाषा आणि जागा एक, या गणितात महत्त्वाचे काहीतरी बाहेर राहणारच. ‘युरोपीय’ हे विशेषण त्या अपरिहार्यतेला नंतर चिकटवलेले समर्थन होते, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

या सन्मानाची मर्यादा

हाँगकाँगच्या व्यासपीठाला आशियाचा निःपक्ष न्यायाधीश ठरवण्याची घाई करू नये. पहिल्या सतरा सोहळ्यांतील सर्वोत्कृष्ट चित्रपटांची यादी पाहिली तर जपानचे पाच, कोरियाचे चार आणि चीन, हाँगकाँग व तैवान मिळून चिनी भाषेतील सहा, असे पंधरा चित्रपट पूर्व आशियातील आहेत. उरलेल्या दोनांत एक थायलंडचा आणि एक इराणचा ‘अ सेपरेशन’. जगात सर्वाधिक चित्रपट काढणाऱ्या देशाला अठराव्या वर्षापर्यंत थांबावे लागले. पुरस्कार चालवणारे तिन्ही महोत्सव पूर्व आशियातील आहेत, आणि तेथील परीक्षकांपर्यंत आपला चित्रपट पोहोचतो तो बहुधा कान किंवा व्हेनिसला मान्यता मिळाल्यावरच. ‘ऑल वी इमॅजिन’ आणि ‘संतोष’ दोन्ही कान २०२४ मधूनच पुढे आले होते. म्हणजे राष्ट्रीय समितीची अट नसली, तरी युरोपीय महोत्सवांची अलिखित अट उरतेच. कोणत्याही मोठ्या महोत्सवाला न गेलेला उत्तम मराठी चित्रपट या व्यासपीठावर कसा पोहोचेल, याचे उत्तर या रचनेत सापडत नाही.

आणखी एक विसंगती आहे. सोहळ्याला हाँगकाँग सरकारच्या चित्रपट विकास निधीचे अर्थसाहाय्य असते. त्याच हाँगकाँगने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या चित्रपट सेन्सॉर कायद्यात दुरुस्ती करून, राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून, आधी मंजूर झालेल्या चित्रपटाचीही परवानगी मागे घेण्याची तरतूद केली. भारताच्या पोलीस यंत्रणेवर बोट ठेवणारा चित्रपट तेथे गौरवला गेला. हाँगकाँगच्या पोलिसांवरील तसाच चित्रपट त्या मंचावर येऊ शकला असता का, ही शंका घेण्यास जागा आहे. शेजाऱ्याच्या घरातील धाडसाचे कौतुक करणे तुलनेने सोपे असते आणि त्यामुळे शहाना गोस्वामी यांच्या अभिनयाचे मोल कमी होत नाही.

परिणामांच्या दृष्टीने दोन चित्रपटांची वाट वेगळी झाली. ‘ऑल वी इमॅजिन’ सोहळ्यापूर्वीच, २२ नोव्हेंबर २०२४ पासून, देशभरातील चित्रपटगृहांत आणि जानेवारी २०२५ मध्ये ओटीटीवर आला होता. हाँगकाँगच्या पुरस्काराने त्याच्या प्रेक्षकसंख्येत फारशी भर पडण्याचे कारण नव्हते. खरी गरज ‘संतोष’ला होती. चित्रपटगृहांचा मार्ग बंद झाल्यावर १७ ऑक्टोबर २०२५ पासून तो ओटीटीवर दिसेल असे जाहीर झाले. ओटीटीसाठी प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र कायद्याने आवश्यक नसते, त्यामुळे ही घोषणा आशादायक वाटली होती. ते प्रदर्शनही ऐनवेळी थांबले, आणि ती बातमी प्रेक्षकांना शहाना गोस्वामी यांनीच दिली. तोवर कान, बाफ्टाचे नामांकन, ऑस्करची प्राथमिक यादी आणि आशियाचे दोन पुरस्कार चित्रपटाच्या नावावर जमा झाले होते. प्रमाणन मंडळासमोर यांपैकी कशालाही पुरावा म्हणून स्थान नाही. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात चित्रपटाने बाहेर काय मिळवले हा विचारात घेण्याचा मुद्दाच नाही, आणि निर्मात्यांपुढे आजही मागितलेले बदल करणे किंवा उच्च न्यायालयात जाणे एवढेच दोन पर्याय उरतात.